तात्पुरत्या मुक्कामानंतर महानगराचा निरोप घेताना: दोन महिने आधीपासूनची तयारी

शिक्षण, प्रशिक्षण, ठरावीक मुदतीची नोकरी, एखादा प्रकल्प किंवा दीर्घ उपचार अशा कारणाने महानगरात वर्ष-दोन वर्षे राहिलेल्या माणसाच्या परतीचा दिवस बहुधा सुरुवातीपासूनच ठरलेला असतो. तरीही तो दिवस उगवतो तेव्हा घर अर्धेच आवरलेले असते, अनामत रकमेचा निकाल लागलेला नसतो, ज्यांना भेटायचे होते त्यांतील अनेकांची फोनवरच रजा घ्यावी लागते आणि ‘जाण्याआधी एकदा तरी’ म्हणून ठेवलेली ठिकाणे राहून जातात. मुक्काम आवरणे आणि शहराचा निरोप घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. ती एकाच आठवड्यात कोंबली की पहिले काम दुसऱ्याचा सगळा वेळ खाते, कारण चाव्या परत करण्याला तारीख असते आणि निरोपाला ती नसते. म्हणून या लेखातील सगळी मांडणी एका नियमावर उभी आहे: आवराआवर शेवटच्या आठवड्यापूर्वी संपवावी आणि तो आठवडा माणसांसाठी व ओळखीच्या वाटांसाठी मोकळा ठेवावा.

महानगरात हा नियम अधिकच लागू होतो. समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी 1903 मध्ये महानगरी मनोवृत्तीवर लिहिताना दाखवून दिले होते की, क्षणोक्षणी येणाऱ्या असंख्य अनुभवांपासून स्वतःला सांभाळण्यासाठी मोठ्या शहरातील माणूस इतरांशी एक अंतर राखून वागतो. या अंतरामुळे तिथे राहणे सुकर होते, पण निघताना त्याचीच अडचण होते. रोज दिसणाऱ्या कितीतरी माणसांना आपण जाणार असल्याची गंधवार्ताही नसते आणि कोणी आपणहून विचारत नाही. लहान वस्तीत जाण्याची बातमी आपोआप पसरते. इथे ती आपल्यालाच सांगावी लागते.

दोन महिने आधी: कागदपत्रे, खाती आणि त्यांचा क्रम

सर्वप्रथम भाडेकरार पुन्हा वाचावा. घर सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची, ती लेखीच हवी का, तिची मुदत सूचना मिळाल्याच्या दिवसापासून मोजायची की पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून, आणि मुदतीआधी घर सोडल्यास काय कापले जाईल, ही चार उत्तरे करारातच शोधावीत. तोंडी झालेल्या बोलण्यावर विसंबू नये. मुदत पहिल्या तारखेपासून मोजली जात असेल, तर सूचना दोन दिवस उशिरा गेल्यानेही आणखी एका महिन्याचे भाडे भरावे लागू शकते. सूचना पाठवल्यावर ती मिळाल्याची पोच मागावी आणि त्याच पत्रात अनामत रक्कम कोणत्या खात्यावर व किती दिवसांत परत मिळणार हेही लिहून विचारावे. घराची प्राथमिक पाहणी याच सुमारास करून घेण्याची विनंती करावी. भिंतीवरील डाग, सैल झालेली कडी किंवा गळणारा नळ यांबद्दल आत्ताच समजले तर दुरुस्ती आपल्या सोयीने आणि रास्त खर्चात होते. शेवटच्या दिवशी समजले तर ती रक्कम समोरचा ठरवतो.

दुसरे काम म्हणजे या शहराच्या पत्त्याशी बांधल्या गेलेल्या गोष्टींची यादी करणे. ती आठवून केली तर अपुरी राहते. त्याऐवजी बँकेचे मागील बारा महिन्यांचे खातेपत्रक घेऊन त्यातील दर महिन्याला, तिमाहीला किंवा वर्षातून एकदा जाणारी प्रत्येक रक्कम नोंदवावी. नंतर ईमेलच्या पेटीत आपल्या रस्त्याचे किंवा इमारतीचे नाव टाकून शोध घ्यावा. वीज, पाणी, गॅस, इंटरनेट, विमा, व्यायामशाळा, ग्रंथालय, प्रवासाचा पास, नियतकालिके आणि वर्षातून एकदाच आपोआप नूतनीकरण होणारी सदस्यत्वे या दोन शोधांतून बहुतांशी सापडतात. वार्षिक नूतनीकरण सर्वांत फसवे असते, कारण ते मनातून पुसले गेलेले असते आणि पैसे गेल्यानंतरच त्याची आठवण होते.

यादी झाली की तिचा क्रम ठरवावा. माझ्या मते आवराआवरीतील सर्वांत जास्त विचार इथे खर्च व्हायला हवा, कारण बहुतेक त्रास काम राहून गेल्याने होण्यापेक्षा चुकीच्या क्रमाने झाल्याने होतो. स्थानिक मोबाइल क्रमांकावर बँकेचे, कराचे, ईमेलचे आणि सरकारी सेवांचे ओटीपी येत असतात. तो क्रमांक आधी बंद केला तर उरलेली कोणतीच खाती दुरून बदलता येत नाहीत. म्हणून पहिल्यांदा नव्या किंवा कायमच्या क्रमांकाची सर्व खात्यांवर नोंद करावी, प्रत्येक ठिकाणी एकदा लॉगिन करून ओटीपी नव्या क्रमांकावर येतो याची खात्री करावी, आणि त्यानंतरही जुना क्रमांक किमान तीन-चार महिने सर्वांत स्वस्त योजनेवर चालू ठेवावा. बँक खात्याचेही तसेच आहे. अनामत रक्कम, शेवटचा पगार, विम्याचा परतावा आणि सेवांचे हिशेब त्याच खात्यात येणार असतात. म्हणून या सगळ्या रकमा जमा होईपर्यंत ते बंद करू नये. इंटरनेटची जोडणी निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ठेवावी, कारण शेवटच्या दिवसांतील निम्मी कामे तिच्यावरच होतात. जी टपाल सेवा जुन्या पत्त्यावरील पत्रे नव्या पत्त्यावर वळवण्याची सोय देते, तिथे तसा अर्ज काही आठवडे आधीच करावा. तशी सोय नसेल तर शेजाऱ्याला किंवा घरात नव्याने येणाऱ्या व्यक्तीला आलेल्या पत्राचे छायाचित्र पाठवण्याची विनंती करून ठेवावी.

शहर सोडल्यावर मिळणे अवघड होणारी कागदपत्रे याच टप्प्यावर मागावीत. अनुभवाचे किंवा शिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रती, शिफारसपत्र, पगाराची व कराची कागदपत्रे, मुलांचे शाळा बदलण्याचे दाखले, घरमालकाकडून थकबाकी नसल्याचे पत्र आणि सगळ्या वैद्यकीय नोंदी यांचा त्यात समावेश होतो. वैद्यकीय नोंदी घेताना केवळ अहवालाचा कागद घेऊन थांबू नये. क्ष-किरण, एमआरआय किंवा सोनोग्राफीच्या मूळ प्रतिमाही डिस्कवर किंवा फाइलच्या स्वरूपात मागून घ्याव्यात, कारण नव्या डॉक्टरांना तुलनेसाठी त्याच लागतात. नियमित औषधे चालू असतील तर नव्या ठिकाणी डॉक्टर मिळेपर्यंत पुरेल इतका साठा आणि औषधांची मूळ रासायनिक नावे लिहिलेली चिठ्ठी सोबत असावी. व्यापारी नावे दुसऱ्या प्रदेशात वेगळी असू शकतात. शिफारसपत्रासाठी प्रत्यक्ष भेटून विचारणे केव्हाही चांगले. आपण केलेले काम समोरच्याच्या डोळ्यांसमोर ताजे असताना लिहिलेले पत्र आणि वर्षभराने ईमेलवर मागितलेले पत्र यांतील फरक वाचणाऱ्याला लगेच कळतो.

एक महिना आधी: सामान

सामानाबाबत एकच कसोटी पुरेशी आहे. वस्तू नेण्याचा खर्च, ती नव्या ठिकाणी पुन्हा घेण्याचा खर्च आणि ती पुन्हा मिळू शकते की नाही, या तिन्हींचा विचार करून प्रत्येक मोठ्या वस्तूचा निर्णय एकदाच घ्यावा आणि लगेच कागदावर लिहावा. तात्पुरत्या घरातील फर्निचर बहुधा या कसोटीत टिकत नाही. पुस्तके टिकतात, पण ती जड असल्यामुळे लहान खोक्यांत भरावीत आणि मोठ्या खोक्यांत कपडे व हलके सामान ठेवावे. प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालून आतील वस्तूंची यादी फोनमध्ये ठेवावी.

विमानाने जाणार असल्यास पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात ठेवता येत नाहीत. त्या हातातील बॅगेत न्याव्या लागतात, आणि 100 वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सामान्यतः विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. 3.7 व्होल्टच्या हिशेबाने ही मर्यादा सुमारे 27,000 मिलिअँपिअर-तास इतकी होते. काही कंपन्यांचे नियम याहून कडक असतात, त्यामुळे तिकिटासोबतच्या सूचना वाचाव्यात.

ज्या वस्तू द्यायच्या आहेत त्या कोणाला आणि कोणत्या तारखेला द्यायच्या, हे या महिन्यातच ठरवावे. शेवटच्या दिवशी ‘कोणीतरी नेईल’ म्हणून ठेवलेल्या वस्तू कचऱ्यात जातात, हे फार वाईट वाटण्यासारखे आहे. उसनी आणलेली पुस्तके, अवजारे, भांडी परत करण्याचे काम मात्र मुद्दाम लांबवून शेवटच्या दहा-बारा दिवसांत ठेवावे आणि ते स्वतः जाऊन करावे. वस्तू परत करायला गेल्यावर भेटीसाठी वेगळे निमित्त शोधावे लागत नाही, आणि ज्यांच्याशी मनमोकळे बोलण्याइतकी ओळख झालेली नाही त्यांच्याशीही दोन शब्द सहज बोलले जातात.

स्मरणातून नकाशा काढावा

निरोपाच्या कामाची सुरुवात मी एका कागदापासून करायला सुचवेन. नगररचनेचे अभ्यासक केविन लिंच यांनी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांतील रहिवाशांकडून त्यांच्या मनातील शहराचे नकाशे काढून घेतले होते. 1960 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी दाखवले की लोकांच्या मनातील शहर पाच घटकांनी बनते: वाटा, कडा (म्हणजे भागांच्या सीमा), विभाग, मिलनबिंदू आणि खुणेच्या जागा. आपणही कोणताही छापील किंवा फोनमधील नकाशा न पाहता, एका मोठ्या कागदावर आपले शहर काढावे. घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतची वाट, रोज ओलांडलेला पूल किंवा रेल्वेमार्ग, जिथे लोकांना भेटत होतो तो चौक, जी इमारत दिसली की आता घर जवळ आले असे वाटायचे ती इमारत, असे जे जे आठवेल ते ते मांडावे.

कागद भरला की लक्षात येते की प्रचंड शहरातील फार थोडा भाग आपला होता आणि निरोप त्याचाच घ्यायचा आहे. हे कळल्यावर एक मोठे ओझे उतरते. प्रसिद्ध स्थळे पाहायची राहिली याची रुखरुख बहुतेकांना शेवटच्या महिन्यात लागते आणि ती स्थळे उरकण्यात उरलेले रविवार जातात. त्यांतील एखाद-दुसरे खरोखर मनात असेल तर अवश्य पाहावे, पण ते या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात. नंतरचा वेळ नकाशावर आलेल्या जागांना द्यावा, कारण पुढे ज्यांची आठवण येणार आहे त्या जागा याच आहेत. रोजच्या वाटेवरून एकदा फोन खिशात ठेवून चालावे, आणि पुन्हा एकदा मुद्दाम छायाचित्रे घेत चालावे. लोक सूर्यास्ताची आणि उंच इमारतींची छायाचित्रे घेतात. जिन्याचे, बसथांब्याचे, खिडकीतून दिसणाऱ्या समोरच्या भिंतीचे छायाचित्र घ्यायचे राहून जाते. एखाद्या मिनिटाचे आवाजाचे ध्वनिमुद्रणही करावे. गाडीची घोषणा किंवा सकाळची वर्दळ यांचा आवाज जितके परत आणून देतो तितके छायाचित्र देत नाही, असे माझे ठाम मत आहे.

माणसांची यादी

बार्बरा फ्रेडरिकसन आणि लॉरा कार्स्टेन्सन यांच्या 1990 च्या अभ्यासात असे आढळले की, आपण लवकरच दूरच्या ठिकाणी राहायला जाणार आहोत अशी कल्पना केल्यावर तरुण माणसेही नव्या ओळखींपेक्षा जवळच्या परिचितांच्या सोबतीला पसंती देतात. एरवी हा कल वृद्धांमध्ये अधिक दिसतो. वेळ संपत आला की मन आपोआप जवळच्या दोन-तीन माणसांकडे ओढले जाते. हे स्वाभाविक आहे, पण त्यामुळे बाकीच्यांचा निरोप घ्यायचा राहतो. म्हणून यादी लिहूनच करावी आणि तिचे तीन भाग करावेत.

पहिल्या भागात जवळची माणसे येतात. त्यांना सर्वांना एकत्र बोलावून मोठा समारंभ करावा का, हा प्रश्न हमखास पडतो. समारंभ अवश्य करावा, मात्र त्याला निरोप मानू नये. गर्दीत प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटे येतात आणि मनातले बोलायचे राहून जाते. ज्यांच्याशी खरे बोलायचे आहे त्यांच्याबरोबर स्वतंत्र तास ठरवावा, तोही निघण्याच्या किमान पाच दिवस आधी, म्हणजे काही कारणाने भेट रद्द झाली तर ती पुन्हा ठरवता येईल.

दुसऱ्या भागात सहकारी, वर्गमित्र, शेजारी, एखाद्या छंदवर्गातील परिचित अशी बेताची ओळख असलेली माणसे येतात. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये मांडलेल्या प्रसिद्ध संशोधनात, परिचितांकडून नोकरीची माहिती मिळालेल्या लोकांपैकी बहुतेकांना ती वरचेवर भेटणाऱ्यांकडून न मिळता क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून मिळाली होती, कारण अशी माणसे आपल्याला ठाऊक नसलेल्या वर्तुळांत वावरत असतात. या ओळखी जपायला फार थोडे लागते. प्रत्येकाला नावाने लिहिलेला चार ओळींचा संदेश पाठवावा, त्यात त्या व्यक्तीशी संबंधित एखादी विशिष्ट गोष्ट असावी आणि कायम राहील असा ईमेल पत्ता द्यावा. सर्वांना एकच मजकूर पाठवला तर त्याला उत्तर येत नाही आणि येण्याची अपेक्षाही करू नये.

तिसरा भाग सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित असतो. इमारतीचा पहारेकरी, सफाई करणारी व्यक्ती, रोजचा दुकानदार, ग्रंथालयातील कर्मचारी, नेहमी त्याच वेळी त्याच डब्यात भेटणारा सहप्रवासी यांना आपले नावही ठाऊक नसेल. त्यांना एवढेच सांगावे की आपण अमुक दिवशी हे शहर सोडत आहोत आणि त्यांच्यामुळे इथले दिवस सोपे गेले. हे बोलायला संकोच वाटतो, कारण ओळख एवढी होती का अशी शंका येते. संकोच बाजूला ठेवावा. आपण अचानक दिसेनासे झाल्यावर त्यांनाही प्रश्न पडतो आणि उत्तर देणारे कोणी नसते.

सतत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांबरोबर दीर्घकाळ काम केलेल्या डेव्हिड पोलॉक यांनी निरोपाचे चार भाग सांगितले आहेत: ताणलेले संबंध सुधारणे, कृतज्ञता बोलून दाखवणे, माणसे, जागा आणि वस्तू यांचा निरोप घेणे, आणि पुढच्या ठिकाणाचा विचार सुरू करणे. यांतील पहिला भाग बहुतेक जण टाळतात, कारण ‘आता तर जायचेच आहे’ ही पळवाट हाताशी असते. एखाद्या खोलीतल्या सोबत्याशी किंवा सहकाऱ्याशी बोलणे बंद झाले असेल, तर जुना वाद पुन्हा न उकरता, आपल्याकडून जे चुकले तेवढ्यापुरते बोलून भेट संपवावी. समोरच्याने प्रतिसाद दिला नाही तरी चालेल. तो तिढा पुढच्या शहरात सोबत येत नाही. मुले बरोबर असतील तर त्यांचीही स्वतंत्र यादी आणि स्वतंत्र नकाशा असू द्यावा. मोठ्यांना क्षुल्लक वाटणारा एखादा झोपाळा किंवा भटके मांजर त्यांच्या यादीत अग्रभागी असू शकते, आणि ‘तिथे नवे मित्र मिळतील’ असे म्हणून त्यांचे दुःख आवरते घेऊ नये.

शेवटचा आठवडा

हा आठवडा मोकळा ठेवण्याचा आग्रह मी का धरतो, त्याला आधार आहे. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींनी एकदा 60 सेकंद 14 अंश सेल्सिअसच्या पाण्यात हात ठेवला आणि दुसऱ्यांदा तेवढ्याच वेळानंतर आणखी 30 सेकंद, पाण्याचा गारठा हळूहळू किंचित कमी होऊन तापमान 15 अंशांपर्यंत जात असताना ठेवला. पुन्हा कोणता अनुभव घ्याल असे विचारल्यावर बहुसंख्यांनी दुसरा, म्हणजे अधिक लांबलेला अनुभव निवडला, कारण त्याचा शेवट सुसह्य होता. अनुभवाची आठवण त्याच्या शेवटावर बरीच अवलंबून असते. मुक्कामाचा शेवट धूळ, खोकी आणि घरमालकाशी हुज्जत यांत गेला तर संपूर्ण वास्तव्यावर त्याची छाया पडते. 2020 मधील बेटिना श्व्योरर, फ्रांत्सिस्का क्रोट आणि गाब्रिएले ओटिंगेन यांच्या संशोधनातही, जे करायचे होते ते करून नीट पूर्ण झालेला शेवट कमी पश्चात्ताप आणि पुढच्या टप्प्यातील सुलभ प्रवेश यांच्याशी जोडलेला आढळला.

आठवड्याचे नियोजन अंतरांनुसार करावे. महानगरात एका भेटीसाठी जाण्या-येण्यातच अर्धा दिवस जातो, म्हणून यादीतील माणसे आणि जागा शहराच्या भागांप्रमाणे गटांत लावून एका दिवशी एकच भाग घ्यावा, आणि दोन दिवस पूर्ण रिकामे ठेवावेत. ते रिकामे राहणार नाहीत. निरोपाची बातमी पसरल्यावर अनपेक्षित बोलावणी येतात. यादीतील दोन-चार गोष्टी तरीही राहतील. त्यांतील प्रत्येकीसमोर ‘सोडून दिली’ किंवा ‘पुढच्या भेटीसाठी’ असे स्वतःच्या हाताने लिहावे, म्हणजे ती राहून गेली असे वाटत नाही.

घर ताब्यात देण्याचा दिवस निघण्याच्या दिवसापासून वेगळा ठेवता आला तर फार बरे. एखादी रात्र मित्राकडे राहता येत असेल तर घर आदल्या दिवशी सोडावे. रिकाम्या घराचे, प्रत्येक खोलीचे, कपाटांच्या आतल्या बाजूंचे आणि भिंतींचे चित्रीकरण दिवसाच्या उजेडात करावे. वीज, पाणी आणि गॅस यांच्या मीटरची छायाचित्रे अशा रीतीने घ्यावीत की मीटरचा क्रमांक आणि वाचन दोन्ही स्पष्ट दिसतील. चाव्या किती आणि कोणाला दिल्या, याची तारखेसह सही घ्यावी. सही मिळत नसेल तर त्याच क्षणी संदेश पाठवून लेखी होकार घ्यावा. खोल्यांचे चित्रीकरण, मीटरची छायाचित्रे आणि चाव्यांची पोच या तीन गोष्टी हातात असतील तर अनामत रकमेचा वाद बहुधा उद्भवत नाही आणि उद्भवलाच तर तो दुरूनही लढता येतो.

पोहोचल्यानंतर

परतल्यावरचे पहिले दिवस चांगले जातात आणि नंतर मन खाली येते, तेव्हा अनेकांना आपणच काहीतरी चुकीचे करत आहोत असे वाटू लागते. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या संशोधकांनी 1963 मध्ये मांडले होते की परक्या ठिकाणी जाताना मनाचा जसा चढ-उतार होतो तसाच तो परतल्यावरही पुन्हा होऊ शकतो. पुढच्या संशोधनात प्रत्येकाचा आलेख असाच असतो असे दिसले नाही, पण घरी परतूनही परके वाटणे ही सर्वज्ञात अवस्था आहे, एवढे माहीत असले तरी ती झेलणे सोपे जाते. अशा वेळी दोन्ही ठिकाणांची सतत तुलना करत बसण्यापेक्षा त्या शहरात लागलेली एक सवय, उदाहरणार्थ पायी फिरणे, ग्रंथालयात बसणे किंवा एखादी भाषा शिकणे, नव्या जागी पहिल्याच पंधरवड्यात सुरू करावी.

संपर्काबाबत थोडक्यात सांगायचे तर, ‘भेटत राहू’ या शब्दांना तारीख जोडावी. जवळच्या दोन-तीन माणसांशी महिन्यातून एक ठरलेला फोन पुष्कळ असतो. सगळ्यांशी रोज बोलण्याचा संकल्प काही आठवड्यांत मोडतो आणि त्याची अपराधी भावना मागे उरते. दरम्यान अनामत रकमेची मुदत, वीज-पाण्याचे शेवटचे हिशेब आणि जुन्या पत्त्यावर आलेली पत्रे यांचा पाठपुरावा एका ठरावीक वारी करावा. सर्व रकमा जमा झाल्यावर आधी बँक खाते आणि मग जुना मोबाइल क्रमांक बंद करावा.

पुन्हा भेट द्यायची असेल तर पहिली भेट सहा महिन्यांच्या आत करू नये असे मला वाटते, कारण तोवर नवीन ठिकाणी पाय रोवलेले नसतात आणि परतताना निघण्याचा त्रास पुन्हा पहिल्यापासून होतो. जाल तेव्हा चार दिवसांसाठी जावे, ज्या भागात राहत होतो त्याच भागात उतरावे, आणि जुन्या घरात आता दुसरे कोणी राहत आहे, ओळखीचे दुकान बदलले आहे, काही माणसेही शहर सोडून गेली आहेत, हे गृहीत धरून भेटी आधीच ठरवून घ्याव्यात.